बत्तीस बोअर घेताय? आधी काडतूस ठरवा, मग हत्यार

स्वसंरक्षणाचा परवाना हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठलं हत्यार पॉवरफुल?" मग अमेरिकेतले व्हिडिओ बघितले जातात, ९ मिमी आणि .४५ यांची भांडणं ऐकली जातात, आणि शेवटी माणूस दुकानात जाऊन दिसायला चांगलं ते उचलतो. काडतुसाचा विचार घरी आल्यावर सुरू होतो. हा क्रमच उलटा आहे. आपल्याकडे बोअर, म्हणजे नळीचा व्यास, किती मोठा घ्यायचा हे बहुतांशी कायद्यानं आधीच ठरवून टाकलंय. तुमच्या हातात उरतं ते योग्य काडतूस ओळखणं, ते तुमच्या हत्यारात चालतं याची खात्री करणं आणि गोळी जिथे जायला हवी तिथेच जाईल एवढा सराव करणं. खालचे टप्पे त्याच क्रमानं दिले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: परवाना नीट वाचा

परवाना मिळाला म्हणजे काहीही घेता येतं, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्यानुसार बोअरचे दोन गट पडतात: प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित. ९ मिमीचं पिस्तूल आणि .३८ चं रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित गटात येतं. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून मिळतो आणि सामान्य अर्जदाराला तो जवळपास मिळतच नाही. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देतात तो परवाना अप्रतिबंधित बोअरचा असतो. त्यात हाताच्या हत्यारांपैकी रोजच्या व्यवहारात दिसतात ती .३२, आणि त्यांच्या मागून .२२.

त्यामुळे ९ मिमी चांगलं की .३२, हा आपल्यासाठी प्रश्नच नाही. न्यू जर्सीतला चुलतभाऊ सांगतो ते त्याच्या जागी बरोबर असेल. त्याला दुकानात वीस प्रकारची काडतुसं मिळतात, तुम्हाला तशी मिळणार नाहीत.

परवान्यावर या चार गोष्टी शोधा:

- हत्याराचा प्रकार आणि बोअर. 'पिस्तूल/रिव्हॉल्व्हर' असं दोन्ही लिहिलंय की एकच?
- एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती घेता येतील.
- परवाना कुठल्या हद्दीत चालतो: जिल्हा, राज्य की संपूर्ण देश.
- मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात.

काडतुसांचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. चाचणी, सराव आणि घरात ठेवायचा साठा, सगळं त्याच आकड्यात बसवायचंय. तो फार कमी लिहिला असेल तर वाढवून मिळण्यासाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो खरेदीआधीच करा.

कोकणात पीकसंरक्षणाचे परवाने पुष्कळ घरांत आहेत. ते ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या बंदुकीचे असतात. त्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर मिळत नाही. त्यासाठी स्वसंरक्षणाचं कारण दाखवून वेगळा अर्ज करावा लागतो.

तपासा: परवान्याची छायाप्रत घेऊन त्यावर बोअर, काडतुसांची संख्या आणि मुदत या तीन ठिकाणी खुणा करा. या तिन्हींपैकी एकही अस्पष्ट असेल तर दुकानात जाऊ नका, परवाना शाखेत जा.

टप्पा २: 'बत्तीस' म्हणजे दोन वेगळी काडतुसं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडा वेळ काढू.

परवान्यावर '.३२ बोअर' लिहिलेलं असतं. ते काडतुसाचं नाव नाही, नळीच्या साधारण व्यासाचा तो आकडा आहे. त्या आकड्याखाली दोन अगदी वेगळी काडतुसं येतात:

रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. याची पुंगळी (दारू भरलेली पितळी नळी) सुमारे २३ मिमी लांब, गोळीसकट एकूण लांबी ३२ मिमीच्या आसपास. बुडाशी बाहेर आलेली ठळक कड असते. त्या कडेवरच ते सिलिंडरच्या, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या गोलाच्या, भोकात टेकून राहतं. गोळी जड, साधारण साडेसहा ग्रॅमची, आणि सावकाश जाणारी.

पिस्तुलाचं काडतूस म्हणजे .३२ एसीपी, ज्याला ७.६५ मिमी ब्राउनिंग असंही म्हणतात. पुंगळी जेमतेम १७ मिमी, एकूण लांबी २५ मिमी. बुडाच्या वर एक खाच कोरलेली असते आणि कड अगदी किंचित बाहेर असते. गोळी हलकी, साधारण ४.६ ग्रॅमची, तांब्याच्या कवचाची.

टेबलावर दोन्ही शेजारी उभी केली की फरक डोळ्यांत भरतो. अडचण अशी की घरात ती कधी शेजारी उभी नसतात. घरात एकच पेटी असते, तीही बहुधा वडिलांच्या काळातली, आणि सगळे तिला 'बत्तीसची काडतुसं' म्हणतात.

थांबा: लाँग काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या डबीत) मावतच नाही, त्यामुळे तिथे चूक लगेच कळते. उलट बाजूला मात्र धोका आहे. एसीपी काडतूस काही .३२ रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या भोकात) सरकून बसतं, कारण त्याची किंचितशी कडही त्याला अडवून धरायला पुरते. बसलं म्हणून चालतं असं समजू नका. एसीपीचा कमाल दाब लाँगपेक्षा सुमारे एक तृतीयांशाहून जास्त असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर तेवढ्या दाबासाठी केलेला नसतो. दुकानदार "चालतंय की" म्हणाला तरी नको.

ओळखायचं कसं? काडतूस उलटं करून बुडाचं पितळ उजेडात धरा. प्राइमरच्या, म्हणजे चाप ओढल्यावर दारू पेटवणाऱ्या गोल टिकलीभोवती अक्षरं ठोकलेली असतात: कारखान्याची खूण आणि काडतुसाचं नाव. पुण्याच्या खडकी कारखान्याच्या मालावर 'के एफ' ही दोन अक्षरं दिसतात. हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. महाराष्ट्रातल्या परवानाधारकाच्या कपाटात बहुधा याच खुणेचा माल सापडतो. त्या अक्षरांशेजारी लाँग लिहिलंय की एसीपी किंवा ७.६५, ते वाचा. तसंच हत्याराच्या नळीवर किंवा फ्रेमवर काय कोरलंय तेही वाचा. दोन्ही जुळले तरच पुढे.

रेंजवर एक तिसरा प्रकारही दिसतो: नेमबाजांची वॅडकटर. तीही .३२ लाँगच, पण गोळीचं नाक सपाट आणि पुंगळीच्या तोंडाशी समतल बसवलेलं. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेसाठी ती उत्तम, कारण कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. स्वसंरक्षणासाठी तिच्या मागे धावण्याची गरज नाही. सपाट नाकामुळे घाईत सिलिंडरमध्ये भरतानाही ती अडते.

टप्पा ३: गोळी काय करते आणि काय करत नाही

आता परिणामकारकतेकडे. सिनेमानं दोन चुकीच्या कल्पना डोक्यात पक्क्या बसवल्या आहेत. एक, गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो. दोन, गोळी लागली की माणूस लगेच थांबतो. हाताच्या हत्यारातून सुटणाऱ्या गोळीच्या बाबतीत दोन्ही खोटं आहे. गोळी माणसाला उडवून देण्याइतकी जोरदार असती तर झाडणाराही तितक्याच जोरानं मागे आदळला असता.

गोळीचा वेग आणि ऊर्जा (ज्यूल हे ऊर्जेचं माप) यांचे साधारण आकडे असे आहेत. नळीच्या लांबीप्रमाणे ते कमी-जास्त होतात:

- .२२ लाँग रायफल, छोट्या नळीतून: सुमारे १०० ज्यूल
- .३२ एस अँड डब्ल्यू लाँग: सेकंदाला २१५ मीटर, सुमारे १५० ज्यूल
- .३२ एसीपी: सेकंदाला २७५ मीटर, सुमारे १७५ ज्यूल
- ९ मिमी: सेकंदाला ३५० मीटर, सुमारे ४५० ज्यूल

हे वाचून लगेच खिन्न होऊ नका. ज्यूलचा आकडा जखमेचा आकडा नव्हे. अमेरिकेत ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या (तिथल्या केंद्रीय तपास संस्थेच्या) आठ जणांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली आणि दोन एजंट मारले गेले. त्यात एका हल्लेखोराच्या दंडातून ९ मिमीची गोळी छातीत शिरली, पण हृदयापर्यंत पोचायच्या आत थांबली. तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. पुढे एफबीआयनं हा विषय मुळापासून तपासला. १९८९ च्या त्यांच्या अहवालाचा गाभा असा: हाताच्या हत्यारात पहिली अट गोळी पुरेशी खोल जाण्याची, बाकी सगळं तिच्यानंतर. मापही ठरलं. माणसाच्या मऊ ऊतींच्या जागी वापरतात त्या १० टक्के जिलेटिनमध्ये किमान १२ इंच, जास्तीत जास्त १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटीमीटर.

आपल्या .३२ साठी यातून एक उपयोगी गोष्ट निघते. कवच असलेली गोल नाकाची .३२ एसीपी गोळी ही खोली सहसा गाठते. फुलणारी, म्हणजे पोकळ नाकाची गोळी मात्र या लहान काडतुसात अडचणीत येते. फुलली तर ऊर्जा संपून उथळ थांबते, नाही फुलली तर साध्या गोळीसारखीच जाते. ९ मिमीमध्ये पोकळ नाक हाच योग्य पर्याय आहे, .३२ मध्ये नाही. त्यामुळे आपल्याकडच्या दुकानात गोल नाकाचीच काडतुसं मिळतात, याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

थांबा: गोळीचं नाक कानशीनं घासणं किंवा त्यावर ब्लेडनं फुली मारणं हा 'देशी उपाय' अजूनही सांगितला जातो. करू नका. कवचाचं टोक उघडं पडलं तर आतलं शिसं पुढे निघून जातं आणि कवच नळीत अडकू शकतं. पुढची गोळी त्यावर आदळली की नळी फाटते. शिवाय उद्या प्रकरण न्यायालयात गेलं तर ती घासलेली गोळी कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत टेबलावर पडलेली असेल आणि तिचं स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागेल. घरी दारू भरून काडतुसं तयार करणं हा तर थेट गुन्हा आहे.

मग हल्लेखोर थांबतो कशानं? बहुतेक वेळा हत्यार दिसल्यावर किंवा पहिल्या आवाजानंच, मनानं खचून. ते झालं नाही तर उरतात दोन गोष्टी: गोळी कुठे लागली आणि ती किती खोल गेली. त्या दोन्हींत बोअरपेक्षा तुमच्या हाताचा वाटा मोठा आहे. पाच मीटरवर थाळीएवढ्या जागेत गोळ्या बसत नसतील तर .४५ घेऊनही काही फरक पडणार नाही.

टप्पा ४: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

आता हत्यार. इथे फार गुंतू नका.

सराव कमी होणार असेल, हत्यार महिनोन्‌महिने कपाटात राहणार असेल, तर रिव्हॉल्व्हर. एखादं काडतूस फुटलं नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं. कानपूरची निर्भीक (२०१४) साधारण ५०० ग्रॅमची आहे, प्रबल (२०२३) ७०० ग्रॅमची आणि ७६ मिमी नळीची. प्रबलची सिलिंडर बाजूला उघडते, त्यामुळे भरणं-काढणं सोपं जातं. जाहिरातीतला '५० मीटर पल्ला' विसरून जा. तुमच्या घरात ५० मीटर लांब कुठलीही खोली नाही.

रेंजवर नियमित जाणार असाल आणि मनगटाची पकड घट्ट असेल तर पिस्तूल. ढिल्या हातात ते अडकतं. शिवाय एका काडतुसानं दगा दिला तर हातानं स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून ते बाहेर काढावं लागतं. हे घाबरलेल्या माणसाला रात्री दोन वाजता जमतं का, हे स्वतःला विचारा.

.२२ ची निडर ही रिव्हॉल्व्हर हातात हलकी लागते आणि धक्काही कमी. पण .२२ चं काडतूस कडेवर फुटणारं असतं, ते न फुटण्याचं प्रमाण जास्त. जीव वाचवण्यासाठी ती माझी पहिली निवड नसेल. मनगट अधू असेल तर मात्र नीट चालवता येणारी .२२ हातातून निसटणाऱ्या .३२ पेक्षा बरी.

टप्पा ५: दुकानातल्या काउंटरवर

परवाना आणि ओळखपत्र घेऊन जा. काडतुसं घेताना:

1. पेटीवरचा लॉट क्रमांक (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) आणि उत्पादनाचं वर्ष वाचा. सगळी काडतुसं एकाच लॉटची मागा.
2. पेटी उघडून प्रत्येक काडतूस हातात घेऊन बघा. प्राइमर बुडाच्या पातळीत किंवा किंचित आत हवा, वर आलेला नको.
3. गोळी बोटानं हलते का बघा. हलली तर ते परत करा.
4. हिरवट डाग, पुंगळीवर भेग, खळगा दिसला तर नको म्हणा. सुटी, पेटीबाहेरची काडतुसं घेऊच नका.
5. परवान्यावर खरेदीची नोंद आणि हातात पावती, दोन्ही घेतल्याशिवाय निघू नका. नोंदीतली संख्या पेटीतल्या संख्येशी जुळवा.

संकोच करू नका. भाजी निवडून घेतो आपण, मग हे का नाही?

टप्पा ६: रेंजवर चाचणी

घरात ठेवायचं काडतूस आधी तुमच्याच हत्यारातून चालवून बघायचं असतं. हा टप्पा सर्रास गाळला जातो, कारण "काडतुसं महाग आहेत, वाया कशाला घालवायची?" मग दहा वर्षं पेटी तशीच पडून राहते आणि ती फुटेल की नाही हे कुणालाच माहीत नसतं.

मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्यात बालेवाडीचं संकुल आहे. बाकी जिल्ह्यांत क्लब आहेत. परवान्याच्या हत्यारानं सराव करू देतात का आणि कुठल्या अटींवर, हे आधी फोनवर विचारून घ्या.

क्रम असा ठेवा. आधी रिकाम्या हत्यारानं, डमी (दारू नसलेली खोटी) काडतुसं भरून, चाप ओढण्याचा सराव. खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग रेंजवर त्या लॉटची निदान दोन सिलिंडर किंवा दोन मॅगझिन भरून झाडा. पाच मीटरवरून सुरुवात, मग सात. स्पर्धा नाही, घाई नको. गोळ्या नेमापेक्षा वर बसतात की खाली, हेही बघा. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, पक्की बसवलेली असेल तर जड गोळी बहुधा वर लागते.

पिस्तूलवाल्यांनी मॅगझिन भरताना एक खबरदारी घ्यायची. एसीपीची ती किंचितशी कड मॅगझिनमध्ये त्रास देऊ शकते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली तर दोन्ही एकमेकांत रुततात आणि स्लाइड कितीही ओढली तरी वरचं पुढे सरकत नाही. म्हणून भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे हे बघा. भरून झालं की मॅगझिनची पाठ तळहातावर हळूच आपटा. पूर्ण लांबीच्या गोल नाकाच्या काडतुसांत हे क्वचित होतं, आखूड पोकळ नाकाच्या काडतुसांत जास्त.

रेंजवर हे तीन आवाज ओळखायला शिका:

- नुसतं 'टिक'. काडतूस फुटलं नाही. नळी समोरच ठेवून ३० सेकंद थांबा. उशिरा फुटणारी काडतुसं असतात. मग उघडा आणि प्राइमरवरचा खड्डा बघा. उथळ असेल तर दोष बहुधा हत्यारात, खोल असेल तर काडतुसात.
- नेहमीचा धमाका. ठीक.
- दबका 'फुस्स', हातात धक्का नाही. लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. हत्यार रिकामं करा, मागच्या बाजूनं नळीत उजेड दिसतो का बघा. दिसला नाही तर हत्यार कारागिराकडे. पुढचा बार काढला तर नळी फुटते, आणि शेजारी बसलेली बोटं तुमची असतात.

तपासा: एका लॉटमध्ये दोन काडतुसं 'टिक' झाली तर तो लॉट घरात ठेवू नका. रिकाम्या पुंगळ्या गोळा करून तारीख आणि संख्या वहीत लिहा. पुढच्या खरेदीला हिशेब विचारला की वही पुढे करता येते.

टप्पा ७: घराचा नकाशा काढा

गोळी चुकली किंवा आरपार गेली तर ती कुठे थांबेल? नऊ इंची विटांची भिंत .३२ ला थांबवते. प्लायवूडचं पार्टिशन, जिप्समची भिंत, फ्लश डोअर, पत्रा किंवा खिडकीची काच थांबवत नाही. चाळीत दोन बिऱ्हाडांच्या मध्ये फळ्यांची भिंत असते, नव्या फ्लॅटमध्ये बेडरूम आणि हॉलच्या मध्ये जिप्सम असू शकतो. पलीकडे पोरं झोपलेली असतात.

कागदावर घर काढा. झोपायच्या खोलीतून मुख्य दाराकडे, बाल्कनीकडे, स्वयंपाकघराकडे रेषा मारा. प्रत्येक रेषेच्या शेवटी काय आहे ते लिहा. ज्या रेषेच्या शेवटी आपलं किंवा शेजाऱ्याचं माणूस येतं, तिच्यावर लाल रेघ मारा. त्या दिशेला हत्यार उचलायचंच नाही. घरातल्या सगळ्यांनी कुठल्या खोलीत जमायचं आणि १०० किंवा ११२ ला फोन कुणी करायचा, हेही त्याच कागदावर लिहा. दारावर जाड कडी आणि बाहेर दिवा लावणं हे या टप्प्यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे. ते राहिलं असेल तर आधी ते करा.

टप्पा ८: साठवण, विशेषतः पावसाळ्यात

हत्यार लोखंडी कपाटात किंवा तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. चावी देव्हाऱ्यात किंवा गादीखाली नको, मुलांना त्या जागा तुमच्याआधी माहीत असतात. घरात कुणी खोल नैराश्यात असेल, दारूचा त्रास असेल, तर हत्यार काही काळ परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. त्यात कमीपणा काही नाही.

काडतुसांना दमट हवा आणि तेल, दोन्ही वर्ज्य. कोकणात जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा आणि पुडी अधूनमधून बदला. चामड्याच्या पट्ट्यात किंवा होल्स्टरच्या कप्प्यात काडतुसं महिनोन्‌महिने ठेवली की कमावलेल्या चामड्यातल्या क्षारांनी पितळावर हिरवा थर चढतो. हत्याराला तेल लावलं की चेंबर कोरडं पुसून घ्या. झिरपणारं तेल प्राइमरमध्ये शिरलं की ते काडतूस गेलं. काडतुसं ब्रासोनं चकचकीत करण्याची हौसही नको.

पिस्तूल रोज भरून रोज रिकामं करत असाल तर तेच ते वरचं काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये ढकललं जातं आणि गोळी हळूहळू पुंगळीत आत दबते. आत दबलेल्या गोळीनं दाब वाढतो. शेजारी नवं काडतूस उभं करून लांबी जुळवा. आखूड झालं असेल तर ते बाद.

टप्पा ९: कायद्याची रेघ

भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. थोडक्यात: मृत्यूची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची रास्त भीती असेल तर शरीराच्या रक्षणासाठी जीवघेणा वार करण्यापर्यंत हक्क पोचतो. मालमत्तेसाठी तो जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा मोजक्या प्रसंगांपुरताच. गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कुणालाच नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच उरत नाही.

ओट्यावरून पातेलं घेऊन पळणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडली तर आरोपी तुम्ही. लग्नात, वरातीत हवेत बार काढलात तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'घाबरवायला हवेत एक' हा सल्लाही फेकून द्या. हवेत गेलेली गोळी खाली येतेच.

प्रसंग घडलाच तर आधी ११२, जखमीसाठी १०८. धोका संपल्यावर हत्यार खाली ठेवा, पुंगळ्या उचलू नका, जागा पुसू नका. पोलिसांना घटनेची मोजकी माहिती द्या, सविस्तर जबाबाआधी वकिलाशी बोला. किती काडतुसं होती आणि किती उरली, हा प्रश्न नक्की येणार. टप्पा ६ मधली वही तेव्हा कामाला येते.

टप्पा १०: निवडणुकीत जमा करताना आणि परत घेताना

आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून जमा करण्याची नोटीस येऊ शकते. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीनं परवान्यागणिक निर्णय घ्यावा, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्येच म्हटलं आहे. तुम्हाला खरा धोका असेल तर नोटीस मिळताच समितीकडे लेखी विनंती करा, शेवटच्या दिवशी नको.

जमा करायचंच असेल तर हत्यार घरीच रिकामं करून न्या. पावतीवर हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि मॅगझिन वेगवेगळं लिहून घ्या. परत मिळाल्यावर तिथेच क्रमांक जुळवा, काडतुसं मोजा आणि बुडावरची अक्षरं वाचा. शेजारच्या माणसाची एसीपी तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या पिशवीत आली असेल तर ते ठाण्यातच कळलेलं बरं. घरी आल्यावर नळीत गंज बघा, हलकं तेल लावून पुसा. ठाण्यात दमट जागी राहिलेली काडतुसं वेगळी काढून सरावाला वापरून टाका, आणि घरासाठी नव्या लॉटची पेटी घेऊन पुन्हा टप्पा ५ पासून सुरुवात करा.